नदीचा मासा

आम्ही तळ्यातल्या माशांना अळ्यांचं खाद्य घालतो हे कळल्यापासून बाबांनी माझ्या घरी मासा खाणं सोडलं. "जावई माणूस लाख आहे, पण अळ्यांवर पोसलेला मासा माझ्या घशाखाली उतरायचा नाही," असं ते तोंडावर सांगतात. आमचे हे मान खाली घालून जेवत राहतात.

बाबांना नदीचाच मासा लागतो. दर रविवारी सकाळी गळ घेऊन निघतात, वाटेत आमच्याकडे चहाला थांबतात आणि हे तळ्याकडे गेले की खिशातून हळूच रिकामी डबी काढतात.

"मूठभर अळ्या दे गं. कणकेच्या गोळीला मासा ढुंकूनही बघत नाही, यांच्यावर मात्र तुटून पडतो. आणि जावयांच्या कानावर घालू नकोस हं!"

या रविवारीही मी ती डबी पदराआड धरून अळ्यांच्या शेडमध्ये गेले.


दाराशीच एक भरलेला डबा ठेवला होता, आणि झाकणावर ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाबांसाठी. जाडजाड वेचून ठेवल्यात.'