मधला पाऊण तास

अक्षता पडल्या तेव्हा बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. पंगत एक वाजता बसायची होती. मधल्या पाऊण तासात मांडवातली दोनशे माणसं नाहीशी करायची होती.

साल एकोणीसशे पन्नास, धान्यटंचाईचं. लग्नात पन्नासांहून जास्त माणसांना जेवू घातलं तर अन्न जप्त आणि यजमानावर खटला, असा हुकूम होता. धान्य घरचं असलं तरी. जुन्नरात रखमाजीच्या दारी लेकीचं लग्न लागलं होतं आणि मांडवात पुढेच, लोखंडी खुर्चीवर, पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एका मांडवातून त्यानं भाताची पातेली गाडीत घालून नेली होती.

बेत शेजारच्या राजमहंमदाचा होता. त्याचा कागदाचा कारखाना रखमाजीच्या घराला लागूनच, मध्ये एक भिंत. लांबलचक खोली, एरवी तिथं भिंतींवर ओले कागद वाळत. आज कागद उतरवले होते आणि जमिनीवर दोनशे पत्रावळी मांडल्या होत्या. लगदा शिजवायच्या भट्टीचा धूर रोजचाच, त्याकडे कोणी बघत नसे. आज तिच्यावर रखमाजीच्या भावकीनं लापशी आणि आमटी शिजवली होती. मांडवात पानं फक्त पन्नास.

निमगाव साव्याचं वऱ्हाड दोन-दोन, तीन-तीन करत उठलं. कोणी पान खायला, कोणी बैलांना पाणी दाखवायला. इन्स्पेक्टर जाणाऱ्यांकडे बघत होता.

"तुमच्या पाहुण्यांचे बैल फार पाणी पितात," तो म्हणाला.

"वैशाख हाय, सायेब," रखमाजी म्हणाला. मग राहवलं नाही म्हणून, "दोन घास खाऊन जावा."

इन्स्पेक्टर बसणार नाही असं त्याला वाटलं होतं. इन्स्पेक्टरनं बूट काढले आणि पहिल्या पानावर मांडी घातली.

एकला दहा कमी असताना राजमहंमद येऊन खांबाआड उभा राहिला. रखमाजी तांब्या घेण्याच्या निमित्तानं तिकडे गेला.

"बसले का?"

"बसले. वाढलंबी. पण तुमचं व्याही, चांगदेवराव, घास उचलंनात."

"आता काय झालं?"

"गजर केल्याबिगर जेवायचं न्हाई म्हणत्यात."

रखमाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. विठ्ठलाचा गजर झाल्याशिवाय पंगत कधी जेवली नव्हती. धुराचा विचार केला होता, वासाचा केला होता, उष्ट्या पत्रावळी कुठं पुरायच्या तेही ठरलं होतं. गजर कोणाच्या ध्यानातच आला नव्हता.

"मनातल्या मनात म्हणा म्हणावं."

"सांगून बघितलं. चांगदेवराव म्हणाले, मुसलमानाच्या छपराखाली बसलो, त्याचं मी काय बोललो न्हाई. पण चोरावानी जेवणार न्हाई." राजमहंमदाचा चेहरा हलला नाही. "उपाशी उठलो तर सून घेऊन जाऊ म्हणाले. पण माहेराला तिला पुन्यांदा धाडणार न्हाई. कधीच."

रखमाजीनं मांडवात पाहिलं. मुंडावळ्या बांधलेली लेक आईला, साळुबाईला, टेकून बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"राजूभाई, काय करू?"

"गजर इथंबी व्हणारच की, भाऊ. पन्नास जणांचा. त्याच दमाला तिकडं होऊ द्या. तुमी पुकारा, मी मागल्या दारातून तिकडं हात दावतो. दोन्हीचा मिळून एकच आवाज निघंल. फकस्त तुमच्या पन्नासांनी छाती फुटस्तोवर वरडलं पायजे."

रखमाजी पानापानाशी वाकत फिरला. लापशी वाढता वाढता प्रत्येकाच्या कानात एकच शब्द सांगत गेला: जोरात. इन्स्पेक्टरच्या पानाशी तो नुसताच वाकला.

एक वाजून चार मिनिटं झाली. राजमहंमद मागच्या दारात उभा होता. तिथून मांडवही दिसे आणि कारखानाही. तुपाची वाटी शेवटच्या पानापर्यंत गेली. पंगत गप्प झाली. रखमाजीनं छातीत हवा भरून घेतली.

"बोला, पुंडलिक वरदाऽऽ"

राजमहंमदाचा हात वर गेला.

मांडवात एकोणपन्नास जणांनी तोंडं उघडली आणि एकोणपन्नासही जण भिंतीकडे कान देऊन राहिले. पलीकडून काय येतंय ते ऐकण्याच्या नादात एकाचाही आवाज फुटला नाही.

"हारी विठ्ठल!"

मांडवात ते एकट्या इन्स्पेक्टरच्या तोंडून निघालं. हातात घास, डोळे मिटलेले, लहानपणापासूनच्या सवयीनं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून दोनशे गळ्यांतून.

मग सगळं शांत झालं. इन्स्पेक्टरनं डोळे उघडले. समोरच्या रांगेतली तोंडं उघडीच होती. भिंतीपलीकडे पत्रावळी सळसळल्या आणि कोणीतरी "आमटी, आमटी" करत पळालं.

रखमाजीनं हात जोडले होते. साळुबाईनं लेकीचं मनगट घट्ट धरलं. राजमहंमद दारातून हलला नाही. त्याचा हात अजून वरच होता.

इन्स्पेक्टरचा डावा हात खिशातल्या वहीवर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या घासाकडे. घास तोंडात घातला. सावकाश चावून गिळला.

"घरी सगळे म्हणतात," तो शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "माझा आवाज फार मोठा आहे."