ब्राउलियोच्या ओळी

रोसिनाने पेनाचं टोपण काढून पेन कागदावर ठेवलं, आणि वाल्देमार पुन्हा पाणी तापवायला उठला.

"काका, माझी बस आहे हो."

"बस काय, संध्याकाळीही असते. तुम्हा मोंतेविदेओच्या माणसांच्या पायाला भिंगरीच असते." त्याने पोखरलेल्या भोपळ्याच्या पेल्यात येर्बाच्या, इकडच्या कडू चहाच्या, पाल्यावर पाणी ओतलं, नळीने पहिला कडू घोट स्वतः ओढला आणि मग पुन्हा भरून भोपळा तिच्या हातात दिला. "घ्या. एकट्याने पिऊन पिऊन वीट आलाय मला."

रोसिना एका कंपनीची वकील होती. कंपनीला एक प्रोग्राम कुलूपबंद करून विकायचा होता. आजवर तो सगळ्यांचा होता. कोणीही घ्यावा, वापरावा, चार ओळींची भर घालावी. आता तो एकट्या कंपनीचा करायचा, तर ज्याने ज्याने ओळी लिहिल्या त्या प्रत्येकाची सही हवी. बाकीच्यांनी ती घरबसल्या देऊन टाकली. ब्राउलियोने दिली नाही, कारण मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली होती. त्याच्यामागे फक्त बाप, हा वाल्देमार, राहिला होता, आणि बापाला ईमेल उघडता येत नव्हता. म्हणून तिला इथे पायसांदू शहरापर्यंत यावं लागलं.

"एवढं लिहिलंय तरी काय त्याने?" वाल्देमार म्हणाला. "मला वाटायचं, खोलीत बसून माश्या मारतोय. जेवायला हाका मारून मारून घसा बसायचा माझा."

तिने आपला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "नदीकाठी पाणी मोजायची यंत्रं असतात ना? हा प्रोग्राम त्यांना विचारतो, बाबा रे, पाणी किती आहे. कधीकधी यंत्र उत्तरच देत नाही. तेव्हा काय करायचं, ते ब्राउलियोने लिहिलंय. थोडं थांबायचं, पुन्हा विचारायचं. तरी नाही बोललं, तर अजून जरा जास्त थांबायचं आणि पुन्हा विचारायचं."

"आणि मग?"

"मग पुन्हा." तिला हसू आलं. "खरं तर चूकच आहे ती. कुठेतरी हात टेकायला हवेत की नाही? यंत्र पुरात वाहून गेलं तरी हा आपला विचारतोच आहे. आमचे लोक पहिल्यांदा तेच काढून टाकणार आहेत."

वाल्देमार हसला नाही. पडद्यावरचं एकही अक्षर त्याला कळत नव्हतं, तरी चष्मा पुसून तो बघत राहिला. जेवताना मान वर न करणारा त्याचा मुलगा इतका चिवट होता, हे त्याला परक्या बाईकडून कळत होतं. त्याला फार वाईट वाटलं.

"सही केली तर काय होईल?"

"प्रोग्राम मोठमोठ्या बंदरांत जाईल, धरणांवर जाईल. रोज चालेल. त्याच्या ओळी..." खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "असतील, पण बदललेल्या. नाव नसेल."

"आणि नाही केली तर?"

"तर त्या काढून दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेऊ. आठवडाभराचं काम. तुमच्यावाचून आमचं अडणार नाही, काका. खरं तेच सांगते."

"काढलेल्या ओळी कुठे जातील?"

"कुठेच जाणार नाहीत. जुनी प्रत सगळ्यांना खुली करून झाली आहे. ती आता कोणालाच मागे घेता येत नाही, आम्हालाही नाही. तिथे त्या आहेत तशा राहतील, त्याच्या नावासकट. पण तिकडे कोणी फिरकणार नाही. सगळे आमच्या नव्या प्रतीकडे येतील. ती नुसती पडून राहील."

बोलून गेल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं आणि रिकाम्या भोपळ्याची नळी उगाच ओढत बसली.

वाल्देमारने पेन उचललं. मग त्याने टोपण लावलं आणि पेन तिच्यासमोर ठेवलं.

"वकीलबाई, चूक काढून टाकलीत तर त्याचं राहिलं काय त्यात? धरणावर जो जाईल तो माझा पोरगा नव्हे."

"काका, एकदा नीट विचार करा."

"केला."

ती कागद आवरू लागली. वाल्देमार मुलाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला होता. "ती खुली प्रत बघायची कशी? तेवढं दाखवून जा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

आपण कोणाच्या वतीने आलो आहोत, हे रोसिनाला आठवत होतं. तरी ती उठली. कॉम्प्युटरवर टेबलावर अंथरायची जुनी चादर टाकलेली होती. इंटरनेटचं बिल वाल्देमार अजून भरत होता; ते बंद करा म्हणून सांगायला जायचा त्याला धीर झाला नव्हता. तिने पान शोधून काढलं आणि कॉम्प्युटर सुरू केला की तेच समोर येईल अशी सोय करून दिली. कुठलं बटण दाबायचं, ते त्याच्याकडून दोनदा करून घेतलं.

ओळींच्या कडेला बारीक अक्षरांत नाव होतं, ब्राउलियो इरिगाराय. वाल्देमारने त्याच्याखाली बोट ठेवलं.

"मी इथे येऊन गेलो, हे कोणाला दिसतं का?"

"नाही, काका. कोणालाच दिसत नाही."

"मग बरं," खुर्ची पुढे ओढून बसत तो म्हणाला. "नाहीतर म्हणायचा, म्हातारा माझ्यावर पाळत ठेवतो."