शुक्रावर शुक्र

चष्मेवाल्यांनी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले. शुक्रावर शुक्र नीट बसवला. आता चंद्र दोन दिसायला हवे होते. दिसला एकच.

पोराने घोळ घातला, हा त्यांचा पहिला विचार. चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि पोराच्या तर ते झोपेतही काढत. दोन वर्षांपूर्वी तो दुकान सोडून समुद्रापलीकडे, थेट दक्षिणेला, नोकरीला गेला. तेव्हापासून गिऱ्हाइकांदेखत कुणाच्या हातातली काच काढून घेऊन पुन्हा मोजायची सोय राहिली नव्हती. त्याचं स्टूल मात्र त्यांनी कुणाला बसायला दिलं नव्हतं. आज ना उद्या येईल, असं ते धरून चालले होते.

आज संध्याकाळी चंद्रकोर आणि शुक्र अगदी खेटून दिसणार होते. दोघांनी एकाच मिनिटाला फोटो काढायचा, असं त्यांनी फोनवर फर्मावलं होतं.

"चंद्र काय बाबा, सगळीकडे सारखाच," मुलगा म्हणाला होता.

तेव्हा ते गालातल्या गालात हसले होते. नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. बोट भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. तसंच हे. एक डोळा इथला, एक तिकडचा. चंद्र जवळचा, शुक्र कितीतरी दूरचा. इतक्या लांबून पाहिलं तर चंद्र शुक्राजवळून निदान स्वतःच्या रुंदीएवढा तरी सरकलेला दिसणार. त्यावरून चंद्राचं अंतर काढायचं आणि पोराला चकित करायचं, असा बेत होता. बायको तेवढी कुरकुरली होती. "कशाला त्याच्यामागे लागता? कामात असेल तो."

त्यांनी फोटोची वेळ तपासली. बरोबर होती. मुलाचा फोटो लहान-मोठा करून पाहिला, उलटा झालाय का तेही पाहिलं. चंद्र जागचा हलेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी पोराची चूक शोधायचं सोडून दिलं, कारण ती नव्हतीच. त्याने सांगितल्याबरहुकूम काम केलं होतं. दोन्ही फोटो एकाच गावातून काढले असले, तरच असं होतं.

दर रविवारचा तो फोन. तिकडची हवा, तिकडची महागाई. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही त्याला रजा मिळाली नव्हती. दवाखान्यात ती एकटीच पडून असायची. चष्मेवाले दुकान बंद करून रात्री पोचत. तिने एका शब्दाने मुलाबद्दल तक्रार केली नव्हती. या बाईचं काळीज केवढं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. आणि तो इथेच, चार रस्ते ओलांडले की येता येईल असा. आपण मेलो तरी हा फोनवरूनच रडेल, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

बायको काठी टेकत दारात आली. तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

चष्मेवाल्यांनी घाईने पडदा बंद केला. हिला कळता कामा नये. ही कोसळेल.

"जमलं का तुमचं?" तिने विचारलं.

"जमलं की. अंतर बरोब्बर आलं." त्यांनी आवाज कसाबसा सावरला. "फार लांब आहे तो."

ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली.

"मी त्याला बजावलं होतं," ती म्हणाली, "फोटो पाठवू नकोस. त्यांना कळेल."