दुसरा दगड

"दोन बिंदू लागतात, काका. दोन!" मोजणीला आलेल्या मितालीने दोन बोटं नाचवली. सकाळपासून पाचव्यांदा.

तुळशीरामने मरण्यापूर्वी सुकापूरची जमीन दोन्ही मुलांना तोंडीच वाटून दिली होती. कागद नाही, नकाशा नाही. हद्दीच्या दोन टोकांना फुली कोरलेले दोन दगड, बस्स. आंब्याखालचा सापडला. ओढ्याकडचा गायब.

"हितं व्हता," धाकटा काशिराम म्हणाला.

"तुजं डोकं! पार तिकडं व्हता." थोरला धर्मराज वीस पावलं पलीकडे जाऊन उभा राहिला. दोघांनी जागा बरोब्बर हेरल्या होत्या. ज्याच्या जागेवरून रेषा काढावी, जास्तीची जमीन त्यालाच.

"अहो, एका दगडातून हव्या तेवढ्या रेषा जातात!" मिताली ओरडली. "दुसरा द्या, रेषेचं समीकरण हे मोजणीचं यंत्रच मांडतं. की मीच ठेवू एखादा, मनाला येईल तिथं?"

"ठेवा ना. मी सांगतो तिथं," दोघे एकदम म्हणाले.

मितालीने यंत्र आंब्याला टेकवलं आणि पाणी प्यायला घराकडे गेली. असल्या माणसांपुढे गणित काय कपाळ करणार!

मागच्या दारी त्यांची आई सखूबाई चादरी धूत होती. तिने तांब्याभर पाणी ओतलं, फेस ओघळला आणि धुण्याच्या दगडावर झिजलेली फुली दिसली. मितालीने हाका मारल्या तसे दोघे धावत आले.

"आये, ह्यो बाबांचा दगड! कवा उचललास?" धर्मराजने विचारलं.

"बाराव्याच्या दिवशी. जेवणावळ उठली नव्हती, तर तुमी दोगं दोरी घेऊन रानात."

"जागा ठाव हाय तुला?"

"डोले मिटून दाखवीन."

"मग चल ना!" दिवसभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

सखूबाई जागची हलली नाही. तिने मितालीकडे पाहिलं. "बाय, एकाच दगडावर रेघ ठरत नाय, असंच वरडत व्हतीस ना मगाशी?"

"हो."

"मना शाला नाय. पन तवढं मना तवाच कललं व्हतं."

मग तिने भिजलेली चादर पिळायला उचलली, एक टोक धर्मराजच्या हातात दिलं, दुसरं काशिरामच्या.

"पिला. एकटीला व्हत नाय आता."