बंद केलेली सिंहीण

"सिंहाला खरंच बंद करता येतं का हो?" शर्वरीने एकदाचं विचारून टाकलं. आफ्रिकेत जाऊन हे विचारून दाखवच, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती.

गाइड बराका हसला. त्याने छोटासा रिमोट तिच्या हातावर ठेवला. "इथल्या सिंहांच्या मानेत चिप बसवलीय. लाल बटण दाब."

गवतातून दबकत गाडीकडे येणारी सिंहीण जागच्या जागी कोसळली. बाबांनी टाळ्या वाजवल्या. "शरू, फोटो काढ, फोटो!"

शर्वरी मात्र सिंहिणीचे डोळे बघत होती. ते उघडे होते आणि हलत होते. त्या नजरेच्या रोखाने तिने पाहिलं. बाभळीखालून तरसांची टोळी येत होती, अगदी निवांत.

"काका, सुरू करा ना तिला!"

"गाडी टेकडीपलीकडे गेल्याशिवाय नाही. जागी झाली की जवळ असेल त्याच्यावर झेपावते. म्हणून तसा नियमच आहे."

"तोवर ती तरसं तिला जिवंत फाडतील!"

"होतं असं कधीकधी." बराकाने तिची नजर टाळत हात पुढे केला. "दे रिमोट."

"देऊन टाक, बाळा," आई कुजबुजली. "निघू या आपण."

पहिल्या तरसाने सिंहिणीचा पाय हुंगला. तिची बुबुळं गरकन फिरली, पण शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. शर्वरीने हातातल्या रिमोटकडे पाहिलं. हिला असं पाडलं कोणी? आपणच की!

तिने रिमोट छातीशी धरला आणि हिरव्या बटणावर अंगठा टेकवला.

"आई, बाबा, काचा वर घ्या," ती म्हणाली. "मी तिला उठवतेय."