मोडलेली क्लिप

सुनेला कळा सुरू झाल्या आणि दार उघडेना. वायरीतून हुकूम आल्याशिवाय आताशा कुठल्याच घराचं दार हलत नसे, आणि हिराक्कांच्या घरची वायर सकाळपासून मुकी होती.

"अक्का, राउटरचा हिरवा दिवा लागलाय का?" वायरमन संपतने बाहेरून ओरडून विचारलं.

"लागला असता तर तुझी आरती कशाला केली असती?"

"वायरीला कुणी हात लावला होता?"

"माझ्या घरात? कुणाची छाती आहे?"

भिंत धरून उभी असलेली राजसी कण्हली. "आई, काल दसऱ्याला तुम्हीच वायर उपसून राउटरला हळदकुंकू वाहिलंत. सांगा ना त्यांना."

हिराक्कांनी जन्मात कुणापुढे चूक कबूल केली नव्हती. पण राजसी पुन्हा कळवळली, तशा त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "मीच ओढली रे. टोकाची क्लिप मोडली, म्हणून तशीच खुपसून ठेवली."

"नवी दुकानातून आणावी लागेल. आत्ता बोटाने दाबून धरा."

दाबताच दिवा लागला आणि दार सरकलं. संपतने राजसीला आधार दिला.

"आई, तुम्ही?"

बोट जरा ढिलं पडलं की दार मिटायला लागे. नातवंडाला पहिल्यांदा मीच हातात घेणार, असं हिराक्कांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"नीघ गं. मी काय पळून जातेय?"

खाली गाडी सुरू झाली. चार पावलांवर दार सताड उघडं होतं, आणि हिराक्का बोट न उचलता त्याच्याकडे बघत बसल्या.