वाकड्या फळीचा दर

स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून तीन सुतार दर सांगायला आले. ओट्यावरची वाळवी लागलेली वाकडी फळी हे वारलेल्या काकांचं हयातीतलं एकमेव सुतारकाम. ती पाहून पहिला म्हणाला, “कुठल्या आंधळ्याने ठोकलीय ही?” काकूंनी त्याला पाणीही विचारलं नाही. दुसऱ्याचा दर सगळ्यांत कमी होता, पण तो फळीला हसला आणि बाद झाला. “आई, तूही रोज फळीवरून बाबांचा उद्धार करायचीसच की!” मुलगा वैतागला. “मी करीन. ह्या उपटसुंभांचा काय संबंध?” तिसऱ्याने मुकाट्याने माप घेतलं. “नवी फळीही अशीच उतरती हवी,” काकू म्हणाल्या. “मुद्दाम वाकडी करायचे जास्त पडतील, काकू. सरळ काय वाईट?” एरवी पैशापैशासाठी घासाघीस करणाऱ्या काकूंनी जास्तीच्या पैशांना मान डोलावली. “रोज सकाळी चहाचा डबा घसरून कोपऱ्यात गेला नाही, तर मी ह्यांच्याशी भांडू कशावरून?”